काटा बैलगाड्यांवरच अडायचा

माझा प्रोग्राम पडला की पहिला फोन बाबांचा यायचा आणि दुसरा मॅनेजरचा. बाबा एवढंच म्हणायचे, "पोरी, पुन्हा बसला तो." मॅनेजर बरंच काही म्हणायचा.

बाबा महागावच्या बाजूला एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, धरमकाट्यावर बसायचे. जमिनीच्या बरोबरीनं बसवलेला मोठा लोखंडी पत्रा, त्यावर कापसाची भरली गाडी चढायची, आणि शेजारच्या खोलीत खिडकीपाशी बसून बाबा वजन मोठ्यानं वाचायचे. गाडीवाला ते ऐकून मान हलवायचा आणि पुढे जायचा. आमच्या घरात त्या खुर्चीला फार किंमत होती. आजोबांनी धम्म घेतला त्या काळात त्याच गावात त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आणि आता त्याच गावचे लोक त्यांच्या मुलाच्या तोंडचा आकडा प्रश्न न विचारता मानत होते. बाबा हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. मीच बोलते, कारण मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे.

मी यवतमाळात आत्याकडे राहून शिकले आणि तिथेच एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जुने कॉम्प्युटर आणि आमचे सर. आम्ही जिनिंगच्या काट्यांसाठी प्रोग्राम करायचो. काट्यावरचा आकडा थेट कॉम्प्युटरात यायचा आणि पावती छापून निघायची, म्हणजे हातानं लिहिण्यातली भानगड मिटली. कळंबच्या बाजूला आमचा प्रोग्राम सुरळीत चालू होता. ते ऐकून बाबांनी त्यांच्या मालकाकडे शब्द टाकला, "माही पोरगी करून देते." बाबा शब्द टाकणाऱ्यांतले नव्हते. तो त्यांनी माझ्यासाठी टाकला.

ती वर्षं कापसाची वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा दिल्लीपर्यंत पोचलं होतं, आणि कशासाठी पोचलं ते मी इथं पुन्हा सांगत बसत नाही, ऐकून ऐकून कान किटलेत. जिनिंगबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. लोक आदल्या दिवशी येऊन गाडीखालीच झोपायचे. संध्याकाळी खरेदी बंद व्हायची आणि उद्याचा भाव उद्या कळायचा. अशा रांगेत काटा थोडा वेळ जरी बंद पडला, तरी मागच्या माणसाचा अख्खा दिवस जायचा.

आणि काटा बंद पडायला लागला. कॉम्प्युटर चालू, पडद्यावर काही नाही, प्रोग्राम मेलेला. बाबा तो पुन्हा चालू करायचे, सुरू व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात बाहेर आवाज चढायचे. प्रोग्राम रोज पडायचा नाही, पण पडायचा तेव्हा हमखास गर्दीत पडायचा. त्यातून एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली. ती आमच्या कुणाच्याही आधी आली, हे कबूल करायला हवं. व्यापाऱ्याचा ट्रक आला की काटा झकास चालतो. बैलगाड्या लागल्या की अडतो.

एकदा लोकांनी हे पाहिलं म्हटल्यावर पुढचं गणित सोपं होतं. काट्यावर बाप, प्रोग्राम पोरीचा. बाप-लेक मिळून व्यापाऱ्याचा माल आधी काढतात. एका गाडीवाल्यानं तर खिडकीशी येऊन बाबांना तोंडावर विचारलं, "काहो, ट्रकवाल्यानं काय दिलं तुमाले?" हा माणूस बाबांच्या ओळखीचा होता, आमच्या घरी चहा प्यायलेला होता. बाबांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. नंतर म्हणाले, "तू पाह्य पटकन, काय हाये ते."

जिनिंगच्या मॅनेजरचं म्हणणं वेगळं आणि जास्त धोक्याचं होतं. "बाई, तुमचा प्रोग्राम कळंबले चालते, इथंच काहून पडते? प्रोग्राम तोच, मशीन तेच. माणूसच दुसरा हाये ना?" मला फोनवरच त्याचा गळा धरावासा वाटला. पण प्रश्न रास्त होता.

हे पुढे समजायला दोन गोष्टी सांगाव्या लागतील, थोडक्यात सांगते. प्रोग्रामला एका वेळी अनेक कामं करायची असली की तो प्रत्येक कामाला एक थ्रेड लावतो. लग्नघरात जसा एक कर्ता माणूस असतो आणि तो एकाला पाण्यावर, एकाला वाढण्यावर लावतो, तसंच. आमच्या प्रोग्रामात नवी गाडी काट्यावर चढली की मुख्य थ्रेड तिच्यासाठी एक नवा थ्रेड जन्माला घालायचा. तो वजन वाचायचा, पावती छापायचा आणि संपायचा. दुसरी गोष्ट सिग्नल. सिग्नल म्हणजे प्रोग्रामला मारलेली हाक. हातातलं काम तिथल्या तिथं टाकून आधी तिला ओ द्यावी लागते, आणि काम कुठल्या टप्प्यावर आहे याच्याशी हाकेला देणंघेणं नसतं.

आमचा प्रोग्राम नवा थ्रेड जन्माला घालतानाच मरत होता, एवढं मला मागे राहिलेल्या खुणांवरून दिसत होतं. का मरतो ते दिसत नव्हतं. म्हणून मी ऑफिसात तो डीबगरखाली चालवला. डीबगर हे चालत्या प्रोग्रामला मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं अवजार आहे. त्यानं लगेच दाखवलं. पहिलाच थ्रेड जन्मला आणि डीबगर थांबला. म्हणाला, सिग्नल आला आहे, नंबर बत्तीस. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. पुढे जा म्हटलं, तर पुढच्या थ्रेडला पुन्हा बत्तीस. जितके थ्रेड तितक्या हाका.

सर खुर्चीवरून उठले. "सापडला! हाच तो."

मलाही तसंच वाटलं, आणि त्या वाटण्यानं माझे कितीतरी दिवस खाल्ले. ही हाक कोण मारतं ते काही केल्या सापडेना. आम्ही लिहिलेल्या एकाही ओळीत बत्तीस नव्हता. ती हाक अडवून पाहिली, तर नवे थ्रेड उठेचनात. सोडून दिली, तर प्रोग्राम ऑफिसात छान चालायचा, कारण ऑफिसात तो कधी पडतच नव्हता. तिकडे बाबांचे फोन येत होते आणि इकडे मी यवतमाळात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. संध्याकाळी घरी आले की आत्या विचारायची, "झालं का बाई तुहं काम?" मी नुसती मान हलवायचे. जेवतानाही मला बत्तीस दिसायचा. दमणं दोन तऱ्हेचं असतं. काम करून माणूस दमतो तेव्हा झोप लागते. मी दुसऱ्या तऱ्हेनं दमले होते.

उलगडा झाला तो चौकातल्या इंटरनेट कॅफेत. परदेशातल्या कुणीतरी आपलं हेच रडगाणं मांडलं होतं आणि खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं. ही बत्तीस नंबरची हाक निरुपद्रवी आहे. थ्रेड चालवणारी जी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, असते, ती नव्या थ्रेडला उठवायला आपल्या आपल्यात ही हाक मारते. डीबगरला त्या लायब्ररीतली नावं वाचता आली की तो समजून घेतो आणि गप्प राहतो. नावंच खरवडून टाकलेली असली तर तो बिचारा प्रत्येक हाकेला दचकतो.

नावं कुणी खरवडली? मी सरांना विचारलं. सरांनी तर अभिमानानं सांगितलं. जिनिंगमध्ये कापसाची तूस उडते, ती कॉम्प्युटरच्या पंख्यात बसते, हार्ड डिस्क तापून मरतात. म्हणून सरांनी अख्खी सिस्टिम एका लहानशा मेमरी कार्डावर बसवली होती. कार्डावर जागा कमी. मग प्रत्येक फाइलमधला चालायला लागत नाही तो मजकूर त्यांनी सोलून काढला होता, आमच्याकडे तुरीच्या शेंगा सोलतात तितक्या निगुतीनं. प्रोग्राम चालायला नावं लागत नाहीत, हे खरंच आहे. ती लागतात प्रोग्राम बिघडला की. आमच्याकडच्या काटकसरीत बिघडण्याचा दिवस कधी धरलेलाच नसतो. आणि ऑफिस आणि काटा यात फरक नको म्हणून ऑफिसातही आम्ही तेच कार्ड वापरत होतो.

मी न सोललेली लायब्ररी आणून बसवली. डीबगर गप्प झाला. एकही हाक नाही. म्हणजे इतके दिवस मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते, आणि चोर अजून बाहेरच होता. मी टेबलावर डोकं टेकलं. सर म्हणाले, चहा मागवू का. मी म्हटलं, मागवा, आणि मला उद्या काट्यावर जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं काट्यावर पोचले आणि बाबांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. न सोललेली लायब्ररी चढवून प्रोग्राम डीबगरखाली चालू केला. खरं सांगायचं तर बाबांना पूर्ण दिवस काम करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लहानपणी इथं यायला मनाई होती, आणि मोठेपणी मी यवतमाळची झाले होते. प्रोग्राम बसवायला आले तेव्हा हंगाम सुरू व्हायचा होता. पत्र्यावर एक ट्रक उभा केला, आकडा आला, पावती निघाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. बैल काही कुणी आणले नव्हते.

ट्रक चढायचा, इंजिन बंद व्हायचं, आकडा लगेच स्थिर. बैलगाडीचं तसं नव्हतं. जुंपलेले बैल पत्र्यावर उभे. लोखंड पायाखाली वाजतं ते त्यांना आवडत नाही. खूर उचलतात, मान झटकतात, आणि पडद्यावरचा आकडा वरखाली नाचतो. यासाठी आम्ही प्रोग्रामात एक गजर ठेवला होता. काही सेकंदांत आकडा स्थिर झाला नाही तर गजराचा सिग्नल यायचा, आणि प्रोग्राम त्या गाडीच्या थ्रेडकडे जाऊन पहिल्यापासून मोजायला सांगायचा. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

दुपारी रांग वाढली. एका गाडीचा डावा बैल बिथरलेला होता. गाडीवाल्यानं तुतारी, टोकाला खिळा ठोकलेली काठी, उगारली. बाबा खिडकीतून ओरडले, "मारू नको रे त्याले! बैलाले काय समजते काटा? खाली घे गाडी. येऊ दे त्याले थाऱ्यावर, तवर मागची चढव." गाडी पत्र्यावरून उतरून बाजूच्या कडुनिंबाखाली गेली. मागची चढली. आणि माझ्यापुढे डीबगर थांबला.

या वेळी बत्तीस नव्हता. या वेळी नाव होतं. गजर.

मी पडद्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. निंबाखाली बैल शांत उभे होते. त्यांचा गजर मात्र अजून चालू होता. चढलेली गाडी वजन न होताच उतरेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, म्हणून उतरल्यावर गजर बंद करायची ओळच कुणी लिहिली नव्हती. तो वाजला नेमका मुख्य थ्रेड मागच्या गाडीचा थ्रेड जन्माला घालत असताना. अर्धा जन्मलेला थ्रेड, त्याचं अजून नावसुद्धा मांडलेलं नाही, आणि हाकेला ओ द्यायला गेलेला प्रोग्राम त्याच अर्धवट जागी हात घालतो. तिथं तो मरायचा.

कळंबला काटेवाला गाडी खाली घ्यायला सांगत नसणार. कुठलाच काटेवाला सांगत नसणार. बैल उभा राहीपर्यंत गाडीवाला त्याला बडवतो, आणि आकडा येतो. फक्त बाबांच्या काट्यावर बैलाला थाऱ्यावर यायला सवड मिळायची. म्हणून फक्त बाबांच्या काट्यावर माझा प्रोग्राम पडायचा, आणि फक्त बैलगाड्यांवर पडायचा. लोकांनी पाहिलं होतं ते अक्षरशः खरं होतं.

दुरुस्ती लहान होती. बाळंतिणीच्या दाराशी जसं कुणी हाका मारत नाही, तसं नवा थ्रेड जन्माला घालण्याआधी सगळ्या हाका अडवायच्या आणि जन्म पुरा झाला की सोडायच्या. शिवाय गाडी उतरली की तिचा गजर बंद करायचा. तिथेच बसून मी ते लिहिलं. मग बिथरलेली जनावरं मुद्दाम वरखाली करवली, गाडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण प्रोग्राम पडला नाही. मी आनंदानं बाबांना सगळं समजावून सांगितलं, अगदी पहिल्यापासून. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे लोकं खोटं नव्हते बोलत," ते म्हणाले.

"नव्हते. पण तुमची काही चूक नाई, बाबा. चूक प्रोग्रामची होती."

"गाडी खाली घ्याले मीच सांगत होतो ना."

"ते बरोबरच होतं. प्रोग्रामनं ते सांभाळाले पाह्यजे होतं."

बाबा पुढच्या गाडीचा आकडा वाचायला वळले. मला वाटलं विषय संपला. मला बाबा कळले नव्हते असंच म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा उघडायच्या आधी ते खोलीतून बाहेर आले आणि रांगेसमोर उभे राहिले. मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर चहा पीत होता. बाबा म्हणाले, "ऐका जरा. तुमचं खरं होतं. काटा गाड्यांवरच अडत होता, टरकावर नाई. मी बैल थाऱ्यावर याले गाडी खाली घ्याले लावत होतो, त्याच्यानं मशीन बिघडत होती. मले मालूम नव्हतं. आता पोरीनं दुरुस्त केलं. चढवा गाडी."

मी खिडकीत उभी होते. मला ओरडावंसं वाटलं, बाबा, "दुरुस्त झालं" एवढंच सांगायचं होतं हो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण लोक आपल्याला लाचखाऊ म्हणत होते यापेक्षा, लोक खरं बोलत असताना आपण त्यांना मनात खोटं धरलं, हे बाबांना जास्त लागलं होतं. घरी चहा प्यायलेला तो माणूस खाली बघत बैलाची दोरी आवळत बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे हाच करत होता ना मंग." बाकीचे हसले, की नाही हसले, मला आठवत नाही. मॅनेजरनं कप खाली ठेवला होता, ते आठवतं.

त्याच आठवड्यात बाबांना काट्यावरून काढून मागच्या सरकीच्या गोदामात पाठवलं. मॅनेजरनं मला समजावलं, "आम्ही कुठं म्हणून राह्यलो बाई? त्यायनं सोताच कबूल केलं, चार लोकांत. आता त्यायले तिथं कसं बसवता येते?" मी त्याला सिग्नल समजावला, थ्रेड समजावला, कागदावर आकृती काढून दाखवली. तो मान डोलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मशीन चांगलं चालून राह्यलं ना? मंग झालं."

मशीन चांगलंच चाललं. त्या हंगामात एकदाही पडलं नाही. सरांनी खूश होऊन तीच दुरुस्ती कळंबलाही पाठवली. मी मात्र कितीतरी दिवस मनातून वाट पाहत होते की प्रोग्राम पडावा. एकदा तरी भर गर्दीत पडावा, म्हणजे बाबा तिथं नसतानाही तो पडतो हे त्या लोकांना दिसेल. आपल्याच हातच्या कामाचं असं वाईट चिंतणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

हंगाम संपत आला तेव्हा मी पावतीचा प्रिंटर बघायला तिथं गेले. बाबांच्या खुर्चीवर नवा माणूस होता. एक गाडी चढली, बैलानं पाय उचलला, आकडा हलला. नव्या माणसानं खिडकीतून नुसता हात उडवला. गाडीवाल्यानं शेपूट पिरगाळलं, तुतारी टोचली, दोन रट्टे घातले. बैल थरथरत उभा राहिला. आकडा स्थिर झाला, पावती निघाली. पुढची चढली, तिचंही तेच. दुपारपर्यंत वजन न होता एकही गाडी खाली उतरली नाही. माझ्या दुरुस्तीची तिथं गरजच उरली नव्हती. या माणसाच्या हाताखाली जुना प्रोग्रामही कधी पडला नसता.

मी गोदामात गेले. तिथून काटा दिसत नाही. बाबा सरकीच्या पोत्यांची तोंडं शिवत होते, भुवयांवर तूस बसलेली. मला पाहून त्यांनी सुतळी बाजूला ठेवली.

"अडत नाई ना आता?"

"नाई अडत, बाबा."

त्यांना मनापासून बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मला कुणाचा राग करावा ते कळेना, इतकी मी थकले होते. ते पुन्हा सुई ओवायला लागले आणि सुईकडेच बघत त्यांनी विचारलं, "अन् बैलाले येऊ देतेत ना थाऱ्यावर?"

"हो," मी म्हणाले. "देतेत."